आजाऱ्याच्या उशाशी

पायऱ्या निम्म्याहून अधिक चढून झाल्या की मुंबई-आग्रा महामार्गाचा आवाज खाली राहतो. इथून पुढे मागे वळून पाहू नका. वळलात तर अंबडच्या कारखान्यांचे पत्रे दिसतील, पाथर्डी फाट्यावरच्या इमारती दिसतील, आणि आपल्याला जायचं आहे ते या सगळ्याच्या पुष्कळ आधी. नाशिककर या जागेला पांडवलेणी म्हणतात. ज्यांनी ही लेणी खोदवली त्यांनी डोंगराचं नाव भिंतीवरच कोरून ठेवलं आहे, त्रिरश्मी. डोंगराच्या अंगावर एका ओळीत चोवीस लेणी आहेत. तुम्ही थेट दहाव्या लेण्यापाशी या. ओसरीच्या खांबांवर घंटेच्या घाटाची शीर्षं आणि त्यांच्यावर प्राण्यांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. आत चौकोनी दालन, आणि भिंतींच्या कडेने भिक्षूंच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत शिरा, दगडी ओट्यावर आडवे व्हा आणि डोळे मिटा.

उघडाल तेव्हा आभीर राजा ईश्वरसेन याचं नववं वर्ष चालू असेल. इसवी सनाचं तिसरं शतक.

अजून उजाडलेलं नाही. शेजारच्या खोलीत तुमचे उपाध्याय झोपले आहेत आणि ते जागे व्हायच्या आत तुम्हाला कामाला लागायचं आहे. डोकं नुकतंच मुंडलेलं आहे, त्यामुळे दगडाचा गारवा थेट टाळूला लागतो. वहाणा काढा. उत्तरीय एका खांद्यावर घ्या. त्यांना दातवण द्या, तोंड धुवायला पाणी द्या, आसन मांडा. पेज असेल तर भांडं धुऊन त्यातून द्या. त्यांची पिऊन झाली की भांडं हातात घ्या, खाली धरा आणि घासटू न देता नीट धुऊन ठेवा. ते उठले की आसन उचला. जागा झाडून काढा.

यातलं काहीच तुमच्या मनाचं नाही. शिष्याने उपाध्यायासाठी काय काय करायचं हे विनयपिटकाच्या महावग्गात असंच ओळीने, बारीकसारीक तपशिलांसह लिहिलेलं आहे. भिक्षेला निघाल्यावर त्यांच्या फार पुढेमागे राहायचं नाही, फार लगटूनही चालायचं नाही. ते बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. परत आल्यावर त्यांचं चीवर घामाने ओलं झालं असेल तर थोडा वेळ उन्हात घालायचं, पण उन्हातच टाकून विसरायचं नाही. मग घडी. या घडीपाशी जरा थांबा. दोन कडा बरोबर जुळवू नका, चार बोटं मागेपुढे ठेवा. रोज कडा जुळल्या तर घडी रोज त्याच रेषेवर पडते आणि कापड मधोमध विरतं. ज्यांनी हा नियम केला त्यांनी चीवरं स्वतःच्या हाताने धुतली होती, विरलेली शिवली होती, हे उघड आहे. निर्वाणाची वाट सांगणाऱ्या परंपरेने चार बोटांच्या फरकालाही ग्रंथात जागा दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुम्हाला इथे येऊन बरेच दिवस झाले तरी अजून कुणी गहन काही शिकवलेलं नाही, असं तुमच्या मनात येत असेल. शिकवणं सुरू झालं आहे. कापडाकडे, पाण्याकडे आणि शेजारच्या माणसाकडे लक्ष कसं द्यायचं, तिथून ते सुरू होतं.

आषाढ येतो. वर्षावास लागतो, आता तीन महिने इथून कुठे हलायचं नाही. समोरच्या खोऱ्यावर ढग उतरले आहेत, लेण्याच्या कपाळावरून पाण्याची धार लागली आहे. संध्याकाळी तुमचं अंग मोडून येतं आणि रात्री सणकून ताप भरतो.

पहाटे जाग येते ती पावलांच्या चाहुलीने. दारात उपाध्याय उभे आहेत. पायांत वहाणा नाहीत, उत्तरीय एका खांद्यावर. एका हातात दातवण, दुसऱ्या हातात पाणी.

तुम्ही धडपडत उठू बघता.

"पडून राहा."

"भन्ते, हे काम माझं आहे."

"तू बरा असतोस तेव्हा तुझं. आज माझं."

उपाध्याय मोठ्या मनाचे आहेत म्हणून हे घडतं आहे, असं समजू नका. तोही नियमच आहे. महावग्गात शिष्याची कर्तव्यं संपली की लगेच उपाध्यायाची सुरू होतात, आणि शिष्य आजारी पडला तर गुरूने काय करायचं हे सांगताना ग्रंथ जवळजवळ तेच शब्द पुन्हा म्हणतो: पहाटे उठून दातवण द्यावं, पाणी द्यावं, आसन मांडावं, पेज द्यावी, भांडं धुवावं. उपाध्यायाने शिष्याला मुलाच्या जागी मानावं, शिष्याने त्यांना वडिलांच्या जागी, आणि दोघांपैकी जो आजारी पडेल त्याची दुसऱ्याने तो बरा होईपर्यंत सेवा करावी. जन्मभर करावी लागली तर जन्मभर. गुरुभक्तीचे गोडवे आपल्याकडे अमाप गायले गेले. गुरूने शिष्याला तोंड धुवायला पाणी द्यावं असं लिहून ठेवणारे ग्रंथ फार थोडे आहेत.

तुमचं अंथरूण बदलता बदलता उपाध्याय एक गोष्ट सांगतात. एका विहारात एक भिक्षू अतिसाराने आजारी होता, स्वतःच्या मलमूत्रात पडलेला. बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन विहारात फिरत असताना तिथे पोचले. तुझ्याजवळ कुणी का नाही, असं त्यांनी विचारलं. मी कुणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कुणी माझ्याकडे बघत नाही, असं तो म्हणाला. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून धरलं, आनंदाने पायांकडून, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवलं. नंतर भिक्षूंना गोळा करून सांगितलं की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही; तुम्ही एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

गोष्ट सांगून ते तात्पर्य सांगत नाहीत. मधात कालवलेलं औषध तुमच्या जिभेवर ठेवतात. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी, ही पाच औषधं आजारी भिक्षूला चालतात. पण भिक्षूच्या हाती तर पैसा नाही. मग हा मध आला कुठून?

चार दिवसांनी उभं राहता येईल इतकी शक्ती आली की भिंतीला धरून अंगणात या. तिथे एक नवा लेख आहे, टाकीचे घाव अजून ताजे आहेत. याच उन्हाळ्यात, चौथ्या पंधरवड्याच्या तेराव्या दिवशी, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने त्रिरश्मीवरच्या विहारात राहणाऱ्या, चारी दिशांच्या भिक्षुसंघातल्या आजाऱ्यांच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली आहे. ती शक आहे, म्हणजे तिचे पूर्वज वायव्येकडून आलेले. अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई, अशी ती स्वतःची ओळख देते. पैसे तिने विहाराच्या हाती दिलेले नाहीत. गोवर्धन गावातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवले आहेत: कुंभारांच्या श्रेणीकडे १००० कार्षापण, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे २०००, तेल्यांकडे ५००, आणि आणखी एका श्रेणीकडे ५००, जिचं नाव दगडावरून झिजून जाणार आहे. मूळ रक्कम मोडायची नाही, तिच्या उत्पन्नातून औषध. सगळ्या प्राण्यांच्या हितासाठी आणि सुखासाठी, असं तिने त्यावर लिहवून घेतलं आहे.

तुमच्या जिभेवरचा मध या चार हजार कार्षापणांतून आलेला आहे. गोवर्धनातला एक कुंभार चाक फिरवतो, एक तेली घाणा चालवतो, आणि त्यांना पत्ताही नसलेल्या एका पोराचा ताप उतरतो.

तिच्यासमोर याच लेण्यातला आदर्श होता. शतकाहून अधिक काळ आधी क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, दीनिकाचा मुलगा, याने हे लेणं खोदवलं आणि वर्ष ४२ मध्ये संघाला दिलं. त्याच्या बायकोने, नहपानाच्या मुलीने, दक्षमित्रेने, स्वतःच्या नावे खोली दिली. उषवदाताचा लेख वाचताना त्याची आढ्यता जाणवते. किती लाख गाई दिल्या, किती ब्राह्मणांना जेवू घातलं, सगळं मोजून सांगतो. पण हिशेबाला तो पक्का होता. कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, महिना शेकडा एक दराने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीतून वर्षाला २४० येतात, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. तोंडी हिशेब करून बघा, एक कार्षापण इकडचा तिकडे होत नाही. हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला, नोंदवला आणि मग दगडावर कोरला.

सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला. सिन्नर तालुक्यात जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला आहे. नाण्यांवरचा शत्रूचा चेहरा त्याने पुसला, पण उषवदाताचे लेख इथल्या भिंतीवर तसेच राहू दिले. त्याहून मोठी गोष्ट तिसऱ्या लेण्यात आहे. तिथे राजाने आणि त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, गोवर्धनच्या श्यामक अमात्याला धाडलेला हुकूम कोरलेला आहे. आम्ही भिक्षूंना ककडी गावात दिलेलं शेत कुणी कसत नाही, त्या गावात वस्तीच नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून शंभर निवर्तनं जमीन त्यांना द्या. दान दिलं, शिलालेख झाला, काम संपलं, असं त्या बाईने मानलं नाही. दिलेलं पोटापर्यंत पोचतं की नाही याची चौकशी केली, नाही म्हटल्यावर बदलून दिलं. करुणा म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हे पत्र दाखवीन.

आणखी एक नियम कळल्याशिवाय इथून निघू नका. भिक्षू वारला की त्याचं पात्र आणि चीवर संघाच्या मालकीचं होतं. पण महावग्ग सांगतो की ज्याने शेवटच्या आजारात शुश्रूषा केली, त्याला संघाने ती द्यावीत. सेवा करणारा तुमच्यासारखा श्रामणेर असला तरी त्यालाही बरोबरीचा वाटा. पुढे चीनमध्ये ध्यानसंप्रदायात चीवर आणि पात्र ही गादीची खूण झाली. पाचवे आचार्य होंगरेन यांनी ती रात्रीच्या वेळी गुपचूप हुइनंगला दिली, अशी कथा आहे, आणि वारस कोण यावर तिथे शतकभर वाद रंगले. त्या वादांविषयी वाचताना मला त्रिरश्मीवरचा हा जुना कायदा आठवतो. त्यात वारस ठरवायला पुरावा एकच होता: आजाऱ्याच्या उशाशी कोण बसलं.

चीनचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. विष्णुदत्तेच्या थोडं आधी, दुसऱ्या शतकाच्या शेवटी, हानचोंगच्या डोंगराळ मुलखात ताओ पंथाचा झांग लू राज्य करत होता. शिकवण त्याला आजोबा झांग दाओलिंगकडून बापाकडे आणि बापाकडून त्याच्याकडे अशी आलेली. त्याने रस्त्यांच्या कडेला धर्मशाळा बांधल्या आणि त्यांत तांदूळ आणि मांस ठेवलं. वाटसरूने भुकेपुरतं घ्यावं आणि पुढे जावं. ताओ ते चिंगमध्ये तीन अनमोल ठेवी सांगितल्या आहेत, त्यांत पहिली करुणाच. उषवदातानेही भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे विश्रामगृहं बांधली आणि नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या होत्या. एकाला दुसऱ्याचं नावही ठाऊक नसणार.

आता डोंगर उतरा. उतरताना शतकं भराभर मागे पडू द्या. काही लेण्यांत नव्या मूर्ती कोरल्या जात आहेत: बसलेले बुद्ध आणि त्यांच्या बाजूला हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व. हा अवलोकितेश्वर, दुःखितांकडे पाहणारा. चीनमध्ये तो ग्वानयिन झाला आणि ताओ मंदिरांतही जाऊन बसला. नेपाळात काठमांडूच्या खोऱ्यात त्याचं नाव करुणामय, आणि तिथले लोक त्यालाच मत्स्येंद्रनाथ म्हणतात. दर वर्षी त्याचा उंच रथ ओढतात. मत्स्येंद्रनाथ म्हटलं की नाशिककराने कान टवकारावेत, कारण ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली गुरुपरंपरा सांगताना त्यांना आपल्याच जिल्ह्यात आणलं आहे. वणीच्या सप्तशृंगीवर मत्स्येंद्राला हातपाय तुटलेला चौरंगी भेटला आणि तो धडधाकट झाला, असं ते सांगतात.

ज्ञानदेव तिथे थांबत नाहीत, एका दमात पुढे जातात. आपण थांबू या. हीच माणसं बौद्धांच्या चौऱ्याऐंशी सिद्धांतही आहेत आणि अभयदत्ताच्या नावावर असलेली त्यांची चरित्रं तिबेटी भाषेत टिकली आहेत. त्यात या भेटीची आधीची आणि नंतरची बाजू आहे. तुम्ही आता एका झाडाखाली उभे आहात. सावत्र आईच्या आळामुळे ज्याचे हातपाय तोडले तो राजपुत्र बुंध्याला टेकून पडला आहे. एक योगी त्याला बघतो, जवळच्या गुराख्याला बोलावतो आणि विचारतो, याचं करशील का? गुराखी हो म्हणतो. रोज आपल्या वाट्यातलं अर्धं अन्न त्याला भरवतो. त्याची घाण काढतो, त्याला स्वच्छ करतो. बारा वर्षं. राजपुत्राला साधना योग्याने दिलेली आहे, ती तो करत राहतो आणि एके दिवशी त्याचे अवयव परत येतात. त्या गुराख्याला योग्याने त्याच्या सेवेकडे पाहूनच दीक्षा दिली. गुराख्याचं नाव गोरक्ष.

नाथपंथाचा सगळा पसारा ज्याच्या नावाने उभा राहिला त्या गोरक्षनाथाची पात्रता या चरित्रात अशी ठरली आहे. हठयोग, सिद्धी, चमत्कार हे सगळं नंतरचं.

गोरक्षाकडून ही परंपरा गहिनीनाथाकडे आली. तेराव्या शतकात, यादवांच्या राज्यात, तुम्ही त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर आहात. पुढे एक कुटुंब चाललं आहे: विठ्ठलपंत, रुक्मिणीबाई आणि पोरं. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या माणसाची मुलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं आहे. अंधार पडतो. वाघाची डरकाळी येते. सगळे सैरावैरा होतात आणि थोरला निवृत्ती चुकून एका गुहेच्या तोंडाशी येतो. परंपरा एवढंच सांगते की आत गहिनीनाथ होते. तुम्ही दाराशी उभे राहा. जातीबाहेर टाकलेलं, भेदरलेलं, धापा टाकणारं एक पोर समोर उभं आहे, आणि आतला माणूस त्याला कोण, कुठला, कुणाचा असं काही विचारत नाही. आत घेतो.

दीक्षा देताना गहिनीनाथ काय बोलले हे ज्ञानदेवांनी सांगितलं आहे, आणि मला वाटतं साऱ्या ज्ञानेश्वरीचं कारण तिथे आहे. कली माणसांना गिळतो आहे. आदिनाथापासून परंपरेने आलेलं हे धन घे आणि धावत जाऊन त्यांचं दुःख दूर कर. मोक्ष मिळव, समाधी लाव, अशी आज्ञा नव्हती. निवृत्तिनाथांनी ते धन धाकट्या भावाला दिलं, आणि शके १२१२ मध्ये नेवाशाला त्या भावाने ते मराठीत, कुणालाही समजेल अशा बोलीत वाटून टाकलं. ज्या जगाने आईबापांना जगू दिलं नाही त्या जगासाठी त्याने पसायदान मागितलं. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकलाच आहे. पौष वद्य एकादशीला दिंड्या तिथे येतात. कडाक्याच्या थंडीत म्हातारे वारकरी उघड्यावर झोपतात, आणि त्यांच्यावर घोंगडी घालणारे गावकरीही असतात.

पण गोदाकाठच्या सगळ्याच दारांनी माणसाला आत घेतलं नाही. २ मार्च १९३० रोजी तुम्ही काळाराम मंदिरासमोर उभे असाल तर दरवाजे बंद दिसतील आणि बाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यामागे हजारो माणसं. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढची एकवीस वर्षं गाळून थेट १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरला या. मूळचे ब्रह्मदेशाचे वृद्ध भिक्षू चंद्रमणी महास्थविर बाबासाहेबांना त्रिशरण आणि पंचशील देतात. त्याच मैदानावर, थोड्याच वेळात, बाबासाहेब वळतात आणि समोरच्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा देतात. घेणं आणि देणं यांत एवढं कमी अंतर क्वचितच कधी राहिलं असेल. त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्यांच्यावर शतकानुशतकं कुणी दया केली नव्हती, त्यांच्या तोंडून ती त्या दिवशी उच्चारली गेली.

ब्रह्मदेशातून आणखी एक धागा नाशिक जिल्ह्यात आला. रंगूनमध्ये सयाजी ऊ बा खिन हे देशाचे महालेखापाल होते आणि विपश्यना ध्यानाचे आचार्यही. १९५५ साली त्यांच्याकडे मंडालेत जन्मलेला एक मारवाडी व्यापारी आला, सत्यनारायण गोएंका. अर्धशिशीने हैराण, अफूजन्य औषधाच्या सुया घेणारा. डोकेदुखीसाठी आलो म्हटल्यावर ऊ बा खिन यांनी त्याला नकार दिला. मन निर्मळ करायला यायचं असेल तर ये, म्हणाले. हा नकार मला आधी त्रिरश्मीच्या विरुद्ध वाटला होता. विचार केल्यावर वाटतं, तोही काळजीतूनच आलेला आहे: खोटी आशा लावायची नाही. आजही विपश्यनेला गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये असं स्पष्ट सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. अशा माणसाने डॉक्टरकडेच जावं.

चौदा वर्षं गुरूंजवळ शिकून १९६९ मध्ये गोएंका भारतात आले ते आजारी आईसाठी. जुलैत मुंबईत पहिलं शिबिर झालं, त्यात आईवडील आणि आणखी बारा जण होते. भारताचं ऋण फेडायचं हे ऊ बा खिन यांचं स्वप्न होतं, पण त्यांना स्वतःला येता आलं नाही. १९७१ मध्ये ते गेले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली.

आता तुम्ही तिथे आहात, दहाव्या दिवशी. नऊ दिवस कुणाशी बोलला नाहीत. पहाटे चारला घंटा, मग धम्म हॉल, गुडघ्यात कळ, पाठीत कळ. आज मैत्री भावना शिकवतात: स्वतःला मिळालेलं सगळ्यांना वाटून टाकायचं. मौन सुटतं. जेवणघरात ताटावर भात वाढणारी जी व्यक्ती नऊ दिवस खाली मान घालून वाढत होती, ती आज हसून बोलते. तीही कधीतरी इथेच साधक म्हणून बसलेली आहे. पगार कुणालाही नाही, आचार्यांनाही नाही.

अकराव्या दिवशी सकाळी निघताना तुम्ही पाकीट काढाल. शिबिराची फी नसते. तुमच्या दहा दिवसांच्या जेवणाचे आणि राहण्याचे पैसे तुम्हाला देता येत नाहीत. ते तुमच्या आधी बसून गेलेल्या कुणीतरी देऊन ठेवलेले असतात. ज्याने एकही शिबिर पुरं केलेलं नाही त्याचं दान तिथे घेतलं जात नाही. तुम्ही पुरं केलं आहे. आता तुम्ही देऊ शकता ते पुढे येणाऱ्याच्या ताटासाठी.